सावडीचं जनावर

हनुमंत गराडे यांनी आयुष्यात पुष्कळ नकार पचवले होते. दिल्लीला परराष्ट्र खात्यात नोकरी म्हणजे रोज कुणाचा तरी नकार गोड भाषेत ऐकायचा आणि त्याहून गोड भाषेत पुढं धाडायचा, कामच ते. पण कातळवाडीत भागूबाईनं त्यांना पाणी नाकारलं तेव्हा बसलेला धक्का काही निराळाच होता.

अहो, मावळात कुणी पाणी नाकारतं का? वैरी दारात आला तरी आधी तांब्या पुढं येतो, भांडण मागाहून. आणि गराडे तर घरचेच. नाणे मावळातल्या, नाणे गावच्याच शेतकऱ्याचं पोर, तळेगावच्या शाळेत शिकलं, पुण्यात बी. ए. झालं, कसलीशी मोठी परीक्षा देऊन दिल्लीला गेलं ते तिकडचंच झालं. त्या दिवशी लोणावळ्यापासून जीप जाईल तिथवर जीपनं आणि पुढं राजमाचीच्या वाटेनं पायी, अशी तंगडतोड करून ते ठाकरांच्या त्या वाडीत पोचले होते. पायात दिल्लीचे बूट, घशाला कोरड. पहिल्याच झोपडीच्या ओट्यावर एक म्हातारी बसलेली दिसली. मावशी, घोटभर पाणी द्या, असं ते आपले सहज म्हणाले. म्हातारीनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मान हलवली.

"या घरात पानी मिळायचं न्हाई," ती म्हणाली.

बरोबर तलाठी होता, सखाराम नावाचा, बोलघेवडा गडी. तो कानाशी लागून म्हणाला की साहेब, म्हातारीचा लेक नुकताच गेलाय, सुतक आहे, मनावर घेऊ नका. गराड्यांनी हात जोडले. तरीपण मनात काहीतरी खुपलंच. सुतकातल्या घरीसुद्धा वाटसरूला पाणी मिळतं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. पण ते पडले कामाशी काम ठेवणारे. ज्यासाठी दिल्लीहून आलो ती वस्तू कुठं आहे, असं त्यांनी विचारलं आणि सखाराम त्यांना झोपडीमागच्या गोठ्याकडे घेऊन गेला.

गोठ्यात दोन शेळ्या होत्या, एक मरतुकडी गाय होती, आणि तिच्या शेजारी तो गोळा होता. चांगला रांजणाएवढा. एका अंगानं भाजून काळाठिक्कर पडलेला, दुसऱ्या अंगानं असा लखलखीत की गाईचं तोंड त्यात दिसावं. वर परक्या लिपीतली चार-सहा अक्षरं, एका बाजूला मोडक्या नळीचं थोटूक. हे सगळं गराड्यांच्या अपेक्षेप्रमाणेच होतं. अपेक्षेत नव्हतं ते निराळंच. गोळ्याला दावं बांधलेलं होतं! काथ्याचं, दुपदरी, थोटकाला गच्च निरगाठ मारून खुंट्याला अडकवलेलं. आणि पुढ्यात मूठभर पेंढाही टाकलेला.

गराड्यांना हसू आवरेना. तंगडतोड, ऊन, नाकारलेलं पाणी, सगळं त्या हसण्यात निघून गेलं. सखारामानंही साहेबांच्या हसण्यात आपलं हसणं मिसळलं, तलाठीच तो. हसता हसता गराड्यांनी मागं वळून पाहिलं तर गोठ्याच्या दाराशी एक ठाकर उभा होता. तो हसत नव्हता. भागूबाईचा धाकटा लेक कोंडू तो.

"हसू नका सायेब," कोंडू शांतपणे म्हणाला. "त्यानं मान्सू मारलाय."

गराड्यांचं हसू तोंडातच थिजलं. दिल्लीत त्यांच्या टेबलावर जो कागद आला होता त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं की मावळ तालुक्यात आकाशातून धातूचा गोळा पडला, जीवितहानी नाही. त्यांनी सखारामाकडे पाहिलं. सखाराम चाचरत म्हणाला की सावळाचं मरण वेगळ्या कागदावर गेलंय, ते पोलीस पाटलानं कळवलंय, जनावरानं मारलं म्हणून. गराड्यांनी विचारलं, कुठल्या जनावरानं? कोंडूनं गोळ्याकडे हात केला.

मग हळूहळू उलगडा झाला. सावळा, कोंडूचा थोरला भाऊ, राबासाठी टहाळ तोडायला ऐनाच्या झाडावर चढला होता. पौषात सगळी वाडीच झाडांवर असते. भाताचं रोप टाकायची जमीन भाजायला फांद्या लागतात ना. सकाळची वेळ. आभाळ निरभ्र. एकाएकी असा आवाज झाला की राजमाचीचा कडाच कोसळला म्हणावं, आणि हा गोळा त्या ऐनावर येऊन आदळला. झाड मधोमध फाटलं. सावळा खाली आला तो पुन्हा उठला नाही. त्याची बायको, बाया नावाची, खाली मोळ्या बांधत होती, तिच्यादेखत. पोलीस पाटील आला, त्यानं विचारलं कशानं गेला, तर वाडीनं एकमुखानं सांगितलं, मोकाट जनावरानं मारला. त्यांच्या लेखी तेच खरं होतं. जे आपल्या धन्याच्या हातून सुटून दुसऱ्याच्या रानात घुसतं आणि नासधूस करतं ते जनावर, मग त्याला पाय असोत की नसोत. पाटलानं रानडुक्कर समजून कागद भरला आणि तो निघून गेला. गोळ्याचा कागद दुसऱ्याच वाटेनं गेला. दोन्ही कागदांची कुठं गाठच पडली नाही.

गराडे मटकन गोठ्याच्या दगडावर बसले. तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, सरकारी माणसाला मरणाचं काय? पण तसं नव्हतं. आकाशात यानं सोडणाऱ्या देशांचा कारभार आपल्या खात्यात जो काही होता तो गराड्यांच्याच टेबलावर होता. न्यूयॉर्कला जगातले देश बसून वाद घालत होते की वरून पडलेल्या वस्तूनं खाली नुकसान झालं तर जबाबदार कोण. त्या बैठकीत गराडे आपल्या प्रतिनिधींच्या मागच्या रांगेत बसून चिठ्ठ्या पुढं सरकवत. आपला देश तिथं ठासून सांगत होता की ज्यानं वर सोडलं त्यानंच भरून द्यायचं, पुरतं भरून द्यायचं, सबबी चालायच्या नाहीत. दोन वर्षं त्या वादात काढूनही, कुणीतरी खरोखर मेलं आहे असं गराड्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मेलं ते मावळात, आणि त्यांच्या गावापासून एका डोंगराआड.

आता गोळा घेऊन जायचं काम होतं. नियम असा, की पडलेली वस्तू ज्या देशाची असेल त्याला ती परत करायची. त्याआधी ती ताब्यात हवी. गराड्यांनी हे समजुतीनं सांगायला सुरुवात केली. ओट्यावर भागूबाई, दाराशी कोंडू, आत अंधारात मांडीवर सावळाचा कोयता घेऊन बसलेली बाया. वाडीतली माणसं भोवती गोळा झाली. भागूबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि मग आपली रीत सांगितली.

मोकाट जनावर सापडलं तर त्याला मारायचं नाही. धरायचं, दावं लावायचं, चारा टाकायचा आणि मालकाची वाट बघायची. मालकानं स्वतः यायचं आणि चारचौघांत तोंडानं म्हणायचं, माझं आहे. जनावरानं माणूस मारला असेल तर त्या घरात बाहेरच्या कुणीही पाणी प्यायचं नाही. पहिला घोट मालकानं घ्यायचा. तो घोट म्हणजेच कबुली. तो प्याला की घर मोकळं झालं, आणि मग मयताचा दगड ओढ्याकाठी वाडवडलांच्या रांगेत बसवायचा. तोवर मयत वाडीच्या वेशीबाहेर उभा असतो, ना इकडचा ना तिकडचा. बाराव्याच्या आत मालक आला नाही तर तो तसाच उभा राहतो, कायमचा.

"माजा सावळा भायेर हुबा हाय," भागूबाई म्हणाली. "थंडीचा."

गराड्यांना ते लागलं. म्हातारी रडत नव्हती, त्यामुळं जास्तच. खाली जीपपाशी दोन शिपाई होते, त्यांना बोलावून गोळा उचलून नेणं अवघड नव्हतं आणि सखाराम मागून तेच सुचवत होता. गराडे त्याच्यावर डाफरले. मग जोशात येऊन त्यांनी म्हातारीला शब्द दिला की मालक कोण ते मी शोधून काढतो आणि बाराव्याच्या आत त्याचा माणूस इथं आणून उभा करतो. परक्या मुलखाच्या वकिलाला मावळच्या ओट्यावर बसवतो! मनात ते म्हणत होते, न्यूयॉर्कला आपण जे ओरडून मागतोय तेच ही बाई मागते आहे. मग मिळवून दाखवतोच.

लोकांना बरं वाटलं. कोंडूनं विचारलं की असली जनावरं वर सोडतात तरी कशाला आणि सोडतं कोण. गराड्यांची कळीच खुलली. दूरदूरचे देश वर यंत्रं सोडतात, सांगत सुटले ते. हवा बघतात, ढग बघतात, वारा मोजतात. आणि आता आपलाही देश त्यात आहे. आपल्याकडे सोडायचं साधन नाही, पण गेल्या वर्षी एका देशाच्या यानात आपल्या शास्त्रज्ञांची पेटी बसवून दिली आहे, बिस्किटाच्या डब्याएवढी. यान त्यांचं, पेटी आपली, माहिती दोघांची. तो करार ज्यांनी जुळवला त्यात हा तुमच्यासमोर बसलेला गराडेही होता. हे सांगताना त्यांची छाती अंमळ फुगली. करार झाला त्या दिवशी त्यांनी कचेरीत पेढे वाटले होते.

कोंडू विचार करून म्हणाला, "म्हंजी सावड."

गराड्यांनी मांडीवर थाप मारली. दिल्लीतल्या एकाही विद्वानाला इतक्या चटकन समजलं नव्हतं. आपल्याकडे एकच बैल, शेजाऱ्याकडे एकच बैल, दोन्ही एका औताला जोडायचे, आज तुझं रान आणि उद्या माझं. अगदी सावडच, ते म्हणाले. आम्ही सावड लावली आहे. वाडीतली माणसं एकमेकांकडे बघून माना डोलवू लागली. सरकारही आपल्यासारखीच सावड करतं, ही गंमतच होती त्यांना.

लोणावळ्याला परत आल्यावर गराड्यांनी पोस्टातून दिल्लीला ट्रंक कॉल लावला. मोठ्या साहेबांना मरणाची बातमी दिली, गोळ्यावरच्या अक्षरांचे आकार एकेक करून सांगितले आणि ठासून म्हणाले की ही ज्या देशाची असतील त्या देशाच्या वकिलातीला विचारा, त्यांचा माणूस इथं यायला हवा. मोठ्या साहेबांनी अक्षरं पुन्हा एकदा सांगायला लावली. मग म्हणाले, विचारतो. साहेब भला माणूस होता, उगाच वाईट बोलू नये.

उत्तर यायला वेळ लागला. तेवढ्या काळात गराडे विश्रामगृहाच्या व्हरांड्यात येरझारा घालत होते आणि मनातल्या मनात त्या परक्या वकिलाला वाडीची रीत कोणत्या शब्दांत सांगायची ते जुळवत होते. बारावा उद्यावर आला तेव्हा पोस्टमास्तरांचा निरोप आला, दिल्लीचा फोन आहे. गराडे जवळजवळ धावतच गेले.

मोठ्या साहेबांनी सांगितलं की कळलं, कुणाचं आहे ते. गोळा त्याच यानाच्या अग्निबाणाचा होता, ज्यात आपली पेटी होती. गराड्यांना आधी आनंदच झाला. म्हणजे मित्रदेश! मग तर काम सोपं, ते म्हणाले, नाही कसे येतील? पलीकडून साहेब म्हणाले, गराडे, ऐका, आणि त्यांनी करारातलं एक वाक्य वाचायला सुरुवात केली.

तिसऱ्या शब्दाला गराड्यांनी ते ओळखलं. जत्रेत आपल्या पोराचा आवाज ओळखू यावा तसं. वाक्य त्यांचंच होतं. सदर उड्डाणातील कोणत्याही भागामुळे भारताच्या भूमीवर काही हानी झाल्यास भारत त्या देशाकडे दाद मागणार नाही आणि ती जबाबदारी स्वतःची मानील. सही व्हायच्या आदल्या संध्याकाळी तो देश कुरकुरायला लागला होता की तुमची पेटी फुकट नेतो आहोत, वर आणि झंझट नको. सगळं फिसकटणार असं दिसत होतं. तेव्हा गराड्यांनी एका कोऱ्या कागदावर हे वाक्य लिहून पुढं सरकवलं. साहेबांनी पाठ थोपटली. खाली तर बहुतेक समुद्रच आहे, पडून पडून पडणार कुठं, असं गराडेच तेव्हा म्हणाले होते. ते पडलं ऐनाच्या झाडावर.

"फार चांगलं लिहिलं होतंत तुम्ही," साहेब फोनवर म्हणाले. "कुठं फटच ठेवली नाहीत."

साहेब पुढं सांगत होते की कलेक्टरांकडून त्या कुटुंबाला काहीतरी मदत मिळेल, त्याची तजवीज करू. गोळा तेवढा घेऊन या. आणि एक लक्षात ठेवा, त्यांचं आहे असंही म्हणू नका, आपलं आहे असंही म्हणू नका. अज्ञात वस्तू म्हणा. न्यूयॉर्कला वाद ऐन रंगात आहे आणि आपण तिथं काय मागतोय ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि इथं काय लिहून दिलंय तेही. आपल्या अधिकाऱ्यानं तोंडातून काढलेला शब्द म्हणजे सरकारचा शब्द, हे मी तुम्हाला नव्यानं शिकवायला नको.

नकोच होतं. नव्यानं खात्यात आलेल्या पोरांना गराडे पहिल्या दिवशी हेच शिकवत. आपल्या धंद्यात बोलणं हीच कृती असते, ते म्हणत, म्हणून तोंड सांभाळा. पोस्टाच्या त्या बाकावर बसल्या बसल्या त्यांच्या ध्यानात आलं की भागूबाईची रीत तीच आहे. चारचौघांत तोंडानं म्हणायचं. इतके दिवस ज्या मालकाला फरफटत वाडीवर आणायची आपण स्वप्नं बघत होतो, तो मालक बूट घालून रोज आपल्याच आरशात दिसत होता! रागवायचं तर कुणावर? त्या देशानं काही चोरलं नव्हतं, दिलेला कागद त्यानं दाखवला, इतकंच. पोस्टमास्तरांनी विचारलं, साहेब, बरं वाटत नाही का, पाणी आणू? गराडे दचकून नको नको म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते डोंगर चढले तेव्हा मागं सखाराम होता आणि दोन्ही शिपाई होते. यावेळी त्यांनी शिपायांना वर आणलं होतं. ठरवलंच होतं तसं. मालक ठाऊक नाही, वस्तू अज्ञात आहे, सरकारला ती तपासायची आहे. तीन वाक्यं. वाटभर ती घोकत ते चालले होते. नोकरी होती, दिल्लीत बायको-पोरं होती, पुढची बढती दारात उभी होती. एका म्हातारीच्या दगडासाठी देशाचं न्यूयॉर्कमधलं म्हणणं मातीत घालायचं का? स्वतःलाच ते विचारत होते आणि उत्तरही चोख देत होते, नाही.

वाडी ओढ्याकाठी जमली होती. तिथं दगडांची एक लांबलचक रांग होती, शेवाळलेले, झिजलेले, काही तर मातीत निम्मे गेलेले. रांगेच्या टोकाला एक खळगा खणून ठेवला होता. शेजारी नवा दगड, धुऊन पुसून आडवा ठेवलेला. गोळा गोठ्यातून सोडून तिथवर आणला होता, दावं कोंडूच्या हातात. सगळे गराड्यांच्या मागं बघत होते. मागं दोन शिपाई आणि तलाठी, आणखी कुणीच नाही.

"कुनाचं हाय ते कळलं?" भागूबाईनं विचारलं.

घोकलेली वाक्यं तोंडात तयार होती. गराडे म्हणाले, "कळलं."

का म्हणाले ते त्यांचं त्यांनाही उमगलं नाही. सखारामानं मागून खाकरून पाहिलं.

"येनार हाय?"

"नाही, मावशी."

बाया नवऱ्याच्या दगडाशी बसली होती, तिनं मान खाली घातली. मग कोंडू पुढं झाला. गेल्या खेपेला गराड्यांनी जे सांगितलं त्यावर वाडीनं बसून विचार केला होता, तो त्यानं सावकाश मांडला. सावडीतला बैल एखाद्याला मारतो तेव्हा बैल कुणाचा ते वाडी बघत नाही. औत एक, तर जबाबदारी एक. दोघांनी यायचं. एक पळून गेला तर दुसऱ्यानं उभं राहायचं. साहेब म्हणाले होते की आपल्या सरकारची कुणाशी तरी सावड आहे. ज्याच्याशी सावड आहे त्याचंच हे जनावर आहे का, तेवढं साहेबांनी सांगावं. नसेल तर वाडीचं काही म्हणणं नाही. शिपायांनी उचलावं आणि न्यावं.

दिल्लीच्या साहेबानं सांगितलेली गोष्ट या माणसांना कशी कळली, असं क्षणभर वाटून गेलं गराड्यांना. पण यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. ह्यांनी आपला साधा हिशोब केला होता, आणि तो हिशोब त्यांना शिकवला होता गराड्यांनीच, मांडीवर थाप मारून. अजूनही वेळ गेली नव्हती. ते वेगळं यान, हे वेगळं, एवढं म्हटलं की संपलं. ठाकर मंडळी विश्वास ठेवणारी. मान हलवून बाजूला झाली असती.

भागूबाई उठली. तिथंच चुलीसारखे तीन दगड मांडून त्यावर घरची पाण्याची कळशी ठेवली होती. तिनं तांब्या भरला आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तांब्या तिनं पुढं केला नाही, पोटाशी धरला होता नुसता. काठोकाठ भरलेला, पाणी काठावरून सांडत होतं.

"माजी काय बळजबरी न्हाई, सायेब," ती म्हणाली. "पिनार का, येवढं सांगा."

त्या सांडणाऱ्या पाण्याकडे गराडे बघत राहिले. पुढं कितीही वर्षं त्यांनी आठवायचा प्रयत्न केला तरी हात कसा पुढं गेला ते त्यांना सांगता आलं नाही. तांब्या हातात आला तेव्हा तो किती जड आहे याचंच त्यांना नवल वाटलं. त्यांनी घोट घेतला. ओढ्याचं पाणी होतं, गार, मातकट चवीचं. 

"जनावर आमचं हाय," ते म्हणाले. आवाज त्यांच्या गावचा निघाला, दिल्लीचा नव्हे. "सावड मीच लावलीती."

सखाराम आ वासून बघत राहिला. शिपायांनी तर माना फिरवल्या. कोंडूनं दाव्याचं टोक आणून गराड्यांच्या हातात दिलं, त्यात राग नव्हता की उपकारही नव्हता. नोकरी गेली, गराड्यांच्या मनात आलं, पण ते दुसऱ्याच कुणाबद्दल ऐकल्यासारखं आलं. त्यांना वाटलं की जे व्हायचं ते आता झालं, याहून पुढं काही नाही.

"नाव काय तुजं?" भागूबाईनं विचारलं. साहेब गेले, तुमी गेले, एकदम तू आलं.

गराडे म्हणाले की मावशी, जनावर सरकारचं आहे, भारत सरकार असं म्हणा. म्हातारीनं डोकं हलवलं.

"सरकारचं नाव लागत न्हाई. मान्साचं लागतं. दरसाली घ्यावं लागतंया, सावळाच्या नावासंगं."

आता मात्र हनुमंत गराडे बिचकले. उभ्या आयुष्यात त्यांनी शेकडो वाक्यं लिहिली होती आणि त्यांतल्या एकाही वाक्याखाली त्यांचं नाव नव्हतं. तीच तर त्या नोकरीतली खुबी होती. लिहायचं आपण, बोलायचं देशानं. त्यांनी ती दगडांची रांग पाहिली. किती जुनी होती कोण जाणे. आणि त्या प्रत्येक दगडाच्या वाट्याचं जे काही होतं ते वाडीला तोंडपाठ होतं, पोराच्या तोंडून नातवाच्या तोंडी जाणार होतं. कागद फाडता येतो, बदलता येतो, कपाटात कोंडता येतो. याला काय करणार?

त्यांनी नाव सांगितलं. गाव विचारलं, तेही सांगितलं.

कोंडूनं आणि दोघा गड्यांनी दगड उचलून खळग्यात उभा केला. बायानं माती लोटली, हातानं दाबली. मग कोंडू रांगेकडे तोंड करून उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "सावळा आला वो. भागूचा लेक. नाण्याच्या हनुमंत गराड्याच्या जनावरानं मारला."

सगळ्या वाडीनं ते पाठोपाठ म्हटलं, बायकांनी, पोरांनी, म्हाताऱ्यांनी, न चुकता, जसंच्या तसं. पुन्हा एकदा म्हटलं. हनुमंत दावं हातात धरून ऐकत होता. आपल्या नावापुढं 'मारला' हा शब्द इतक्या शांतपणे लागलेला त्यानं कधी ऐकला नव्हता.

भागूबाईनं तांब्या त्याच्या हातातून काढून घेतला, कळशीतून पुन्हा भरला आणि सखारामापुढं धरला. मग शिपायांना दिला. घर मोकळं झालं होतं, आता कुणीही पाणी प्यावं.